मुरबाडहून नाना चौकापर्यंत

बँकेच्या नोकरीतली एकतीस वर्षे मी ठाण्याहून व्ही. टी.ला ये-जा केली. १९९६ साली स्टेशनचे नाव बदलले, पण जिभेला लागलेली सवय काही गेली नाही, त्याबद्दल वाचकांनी माफ करावे. या एकतीस वर्षांत मी दिवसातून दोनदा एका माणसाच्या नजरेखालून जात होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी मस्टर गाठायचे आणि संध्याकाळी खिडकी गाठायची. या दोन घाईंमध्ये मान वर करून इमारत पाहतो कोण?

ती पाहिली निवृत्तीनंतर, नातवाच्या शाळेच्या प्रकल्पामुळे. महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभे राहून आम्ही आजोबा-नातू त्याच्या दुर्बिणीतून व्ही. टी.च्या दर्शनी भागावर कोरलेले चेहरे मोजत होतो. जी.आय.पी. रेल्वेच्या जुन्या संचालकांचे ते चेहरे. बहुतेक साहेब. त्यांत दोन मात्र आपले: एक सर जमशेटजी जीजीभॉय आणि दुसरे नाना शंकरशेट. नातवाने विचारले, हे नाना कोण? मॅट्रिकच्या संस्कृतची शंकरशेट स्कॉलरशिप आणि ग्रँट रोडचा नाना चौक, यापलीकडे मला फारसे सांगता येईना. तेव्हा जरा लाजच वाटली.

मग पुस्तके आणली, वाचली, आणि एका बुधवारी सौभाग्यवतींना घेऊन नानांच्या मागावर निघालो. अट एवढीच, की सगळा प्रवास सार्वजनिक वाहनांनी करायचा. सुरुवात मुरबाडपासून, कारण नानांचे मुरकुटे घराणे मूळ तिथले.

मुरबाडला जायचे तर कल्याणपर्यंत लोकल आणि पुढे एसटी. हिंदुस्थानात आगगाडी आणणाऱ्यांत ज्याचे नाव अग्रभागी घ्यावे, त्याच्या मूळ गावी आजतागायत रेल्वे पोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या मंजुरीच्या बातम्या वाचून गावातली माणसे थकली असावीत. आमच्या शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी तो विषय निघताच खिडकीबाहेर पाहिले. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धे तिकीट आणि सौ.ना महिला म्हणून अर्धे, म्हणजे दोघांत मिळून एक. बँकवाल्याला असले हिशेब सुखावतात.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३चा. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, व्यापारात मुंबईला येऊन गबर झालेले. वडील शंकरशेट वारले तेव्हा नाना विशीच्या आतबाहेर होते. एवढ्या वयात एवढी इस्टेट हाती आली की बहुधा काय होते, ते मी कर्जखात्यात बसून पुष्कळ पाहिले आहे. इथे तसे झाले नाही. या मुलाने पेढी सांभाळली आणि त्याच वयात शाळांच्या कामात लक्ष घातले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी जी संस्था निघाली, तिच्या पहिल्या हिंदी कार्यकर्त्यांत नाना होते. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभे राहिले, त्यात दादाभाई नौरोजी शिकले.

शिक्षण मंडळावर नाना १८४१पासून पंधरा वर्षे होते. तिथे १८४७च्या सुमारास मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. नानांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत असे, साहेबांत ऊठबस होती, होकार देऊन मोकळे होणे सोपे होते. त्यांनी देशी भाषांची बाजू घेतली. इंग्रजीतून शिकवायचे तर मूठभर मुले शिकतील आणि बाकीचा मुलूख आहे तिथेच राहील, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. हा वाद अजून मिटलेला नाही, हे माझ्या नातवाच्या शाळेच्या फीवरूनही कळते!

मुरबाडहून परतताना आम्ही कल्याणला मुद्दाम धीमी लोकल धरली. जलद लोकल २०२२पर्यंत पारसिकच्या बोगद्यातून जात, आणि तो बोगदा १९१६चा. त्याआधी सगळी वाहतूक मुंब्र्यावरून, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून होत असे. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली ती याच वाटेने. त्यापूर्वी या भागातल्या माणसाला मुंबई म्हणजे बैलगाडी, मग खाडीतला मचवा, आणि भरती-ओहोटीच्या मर्जीवर अवलंबून असलेला प्रवास. पालखी परवडणारे थोडे. बाकीचे पायी.

नाना पालखीवाल्यांपैकी. दारात घोडागाड्या. त्यांना स्वतःला रेल्वेची गरज काय होती? व्यापाराची होती, हे खरे. मुंबईच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरात लवकर आणायचा होता, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तो हवाच होता. १८४५ साली मुंबईत रेल्वेसाठी जी मंडळी एकत्र आली त्यांत जमशेटजी आणि नाना पुढे होते. पुढे लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी या खटपटीची सांगड घातली गेली. पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी १ ऑगस्ट १८४९ला स्थापन झाली.

इथे माझ्यातला बँक अधिकारी गप्प बसत नाही. या कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. रेल्वेला तोटा झाला तरी लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार, आणि तूट भरून निघणार ती इथल्या रयतेच्या साऱ्यातून. जमीनही सरकारने फुकट द्यायची. असा कर्जप्रस्ताव माझ्यासमोर आला असता तर मी शेऱ्याचे पान भरवले असते. खर्चावर लगाम राहत नाही हे पुढे दादाभाईंसारख्यांनी जाहीरपणे मांडले. नानांना हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही. व्यवहारात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हमीशिवाय लंडनचा पैसा इकडे येत नव्हता, आणि पैशाशिवाय रूळ पडत नव्हते. त्यांनी रूळ पत्करले. बरोबर केले की चूक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दिव्याहून गाडी सुटली आणि मुंब्र्याच्या अलीकडे वळणावर आली. ९ जून २०२५ रोजी इथेच दोन गर्दीच्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले होते, आणि त्यांतले काही दगावले. डब्यात भर दुपारीही दारापाशी मुले उभी होती. कोणी काही बोलले नाही. सौ.नी नकळत हात जोडले.

ठाण्याची खाडी ओलांडली. इथून पुढचे चौतीस किलोमीटर म्हणजे पहिला मार्ग. ३१ ऑक्टोबर १८५०ला शीवजवळ पहिली कुदळ पडली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. अडीच वर्षांत, १६ एप्रिल १८५३च्या शनिवारी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुटली; साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चारेकशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. गव्हर्नर फॉकलंडसाहेब मात्र आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. मुंबईचा एप्रिल ज्याने सोसला आहे, तो त्यांना फार दोष देणार नाही. नाना त्या गाडीत होते. पन्नास वर्षांचे.

सरकारी समारंभ झाला आणि गाडी लोकांना खुली झाली. बोरीबंदर ते ठाणे पहिल्या वर्गाचे भाडे दोन रुपये दहा आणे, आणि तिसऱ्या वर्गाचे पाच आणे तीन पै. एकवीस मैलांना भागून पाहा, मैलाला बरोबर तीन पै पडतात. कंपनीच्या गोऱ्या मंडळींची अटकळ होती की जातीपातीचा हा देश एका बाकावर बसायचा नाही. माल जाईल, माणसे येणार नाहीत. माणसे आली. धूर सोडणाऱ्या त्या यंत्राला लोक सुरुवातीला भ्याले, पुलाच्या पायात मुले पुरतात वगैरे वावड्याही उठल्या, पण थोड्याच काळात तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा मिळेना. गोविंद नारायण माडगांवकरांनी तर १८५८ साली लोखंडी रस्त्यांवर मराठीत छोटे पुस्तकच लिहिले. कापसासाठी आखलेली गाडी पाहता पाहता माणसांची झाली.

या धामधुमीतच २६ ऑगस्ट १८५२ला नानांच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. सरकारपुढे रीतसर गाऱ्हाणे मांडणारी मुंबईतली ही पहिली राजकीय संस्था. त्याआधी १८४९ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळांपैकी एक नानांनी आपल्याच वाड्यात भरू दिली. बाहेर लोक काय म्हणत असतील, त्याची कल्पना करावी. आणि १८५७च्या उठावात याच सरकारमान्य नानांवर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेण्यात आला. चौकशीत काही निघाले नाही. संशय घेणाऱ्यांनीच १८६२ साली त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमले.

व्ही. टी.ला उतरून आम्ही जमिनीखाली गेलो. मेट्रोचा हा भाग ९ ऑक्टोबर २०२५ला लोकांसाठी उघडला. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड. ज्या गल्ल्यांतून नानांची गाडी खडखडत जायची, त्यांच्या पोटातून आम्ही थंडगार हवेत चाललो होतो. उतरायचे ग्रँट रोडला होते, पण मी हट्टाने एक स्टेशन पुढे गेलो. कारण मुंबई सेंट्रलच्या त्या भुयारी स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव दिले आहे. पाटी वाचली, उलट्या गाडीने मागे आलो. सौ. काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बोलत होता.

नाना चौकात आता डोक्यावर गोल स्कायवॉक आहे. जवळच त्याच घराण्याचे भवानीशंकराचे देऊळ. रस्त्यावरच्या कोलाहलातून आत गेले की एकदम शांत वाटते. आम्ही बराच वेळ बसलो.

नानांची एक गोष्ट मला रेल्वेहूनही मोठी वाटते आणि ती या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. सरकारच्या मनात सोनापूरचे हिंदूंचे स्मशान हलवून शिवडीला न्यायचे होते. साहेबांच्या नकाशावर ते अंतर म्हणजे चार बोटे. पण गिरगावातून शिवडीपर्यंत मैत खांद्यावरून न्यायचे, तेही पावसाळ्यात, म्हणजे गरिबाचे मेल्यावरही हाल. नानांनी हा बेत हाणून पाडला आणि स्मशान सोनापुरातच राहिले.

माझे आजोबा गिरगावच्या चाळीत वारले. मी सात-आठ वर्षांचा होतो. वडील आणि चाळीतली माणसे त्यांना पायी चंदनवाडीला घेऊन गेली आणि दीड-दोन तासांत परत येऊन आंघोळीला लागली, हे मला आठवते. पुढे जागा अपुरी पडली म्हणून आम्ही ठाण्याला आलो. वडिलांचा जीव मात्र गिरगावातच राहिला. आपल्यालाही चंदनवाडीलाच न्या, असे ते अधूनमधून सांगत. ते जुलैमध्ये गेले, पाऊस कोसळत होता, गाड्या बंद होत्या. आम्ही त्यांना ठाण्यातच निरोप दिला. ते मला फार दिवस लागून राहिले होते. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर ते सौ.ना पहिल्यांदाच सांगितले.

नाना गेले ३१ जुलै १८६५ला. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, आणि त्याच महिन्याच्या आरंभी मुंबईचा शेअरबाजार बुडून घरेच्या घरे धुळीला मिळाली होती. चर्चगेटची रेल्वे, घोड्यांची ट्राम, हे सगळे त्यांच्या मागून आले. ट्राम तर १८७४ साली. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. त्यांच्या नावाच्या स्कॉलरशिपचे म्हणाल तर १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. माझ्या आत्याची ती थोडक्यात हुकली होती, आणि तिने हे दुःख आम्हा भाचरांच्या संस्कृतच्या मार्कांवर आयुष्यभर काढले.

परतताना पुन्हा महापालिकेसमोर थांबलो. दुर्बीण आणली होती. दिवेलागणीच्या उजेडात नानांचा चेहरा आधी सापडेना, मग सापडला. सौ.नी पाहून घेतला आणि घड्याळाकडे बोट दाखवले. सहा वाजून गेले होते. दोघे रस्ता ओलांडून आत शिरलो. पाच नंबरवर ठाणा लोकल लागलेली होती, पण बसायला जागा मिळाली ती एकटीलाच, लेडीजमध्ये. मी घाटकोपरपर्यंत उभाच होतो.