कल्याणची यमुना आणि फिलाडेल्फियाची थंडी

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण नवऱ्याच्या हट्टाचे आणि बायकोच्या जिद्दीचे म्हणून वाचतो. अलीकडे मला ते एका शरीराचे चरित्र वाटू लागले आहे.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेली ही यमुना; माहेरचेही आडनाव जोशीच. खाडीकाठच्या दमट उकाड्यात वाढलेली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांत गेले. डॉक्टर व्हायचे ते तेव्हा मनाने घेतले. टपाल खात्यातल्या गोपाळरावांनी पाठबळ दिले आणि १८८३ साली आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या. प्रकृती आधीच तोळामासा.

फिलाडेल्फियात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खोलीतली शेगडी पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा.

ही थंडी शरीराला कळते कशी, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. गारवा सुमारे २६ अंशांखाली गेला की टीआरपीएम८ नावाचे दार उघडते, सोडियम-कॅल्शियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत शिरतात आणि निरोप मेंदूकडे धावतो. पेपरमिंटही हेच दार उघडते, म्हणून जीभ गार पडते! मिरचीचे दार निराळे. ते ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही उघडते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चे नोबेल मिळाले त्यात या शोधांचा मोठा वाटा.

निरोप पोचला की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग कुडकुडते. आनंदीबाईंचे शरीर रात्रीमागून रात्री हा निरोप देत असणार, आणि त्या पुस्तक मिटत नसणार.

थंडीने त्यांचा बळी घेतला, असे सरसकट लिहिले जाते. मला ते पटत नाही. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो १८८२ मध्येच दाखवला होता. त्यावर औषध यायला मात्र आणखी साठेक वर्षे लागायची होती. ताप चढताना मेंदू शरीराच्या उबेची पातळीच वर नेऊन ठेवतो, म्हणून कल्याणच्या उन्हाळ्यातही तापकऱ्याला हुडहुडी भरते. तिथे लोकरीचे कपडे काय करणार?

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी आधी तारखा मांडतो. ११ मार्च १८८६ला पदवी. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची नेमणूक ठरलेली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू. मधले दिवस ३५२. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता.

रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीच्या दफनभूमीत ती आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो.