तोट्यातला व्यापारी : अफनासी निकितीन

युरोपातून हिंदुस्थानात आलेल्या प्रवाशांची यादी आपण वास्को-द-गामापासून सुरू करतो. गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी, १४७० च्या सुमारास, रशियातील त्वेर गावचा एक व्यापारी चौल बंदरात एक घोडा घेऊन उतरला होता. बरोबर ना फौज, ना तोफा, ना कोणा राजाचा खलिता. त्याचे नाव अफनासी निकितीन.

चरित्रे लिहावीत ती कला शाखेच्या मित्रांनी, असा आपल्याकडे समज आहे. पण हा गृहस्थ आम्हा वाणिज्यवाल्यांच्या जातकुळीचा. तो रोजचे भाव, जकात, खर्च आणि कोसांचे अंतर टिपून ठेवतो, म्हणून त्याच्यावर लिहिण्याचा हक्क मी सांगतो.

खरे म्हणजे हिंदुस्थानात यायचे त्याच्या मनातही नव्हते. व्होल्गा नदीने खाली जाऊन कास्पियन समुद्रापलीकडे माल विकावा आणि परतावे, एवढाच बेत. आस्त्राखानजवळ तातारांनी नावा लुटल्या. मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकेही गेली. उधारीचा माल गमावून परत जाणे म्हणजे सावकाराच्या दारी उभे राहणे. तेव्हा तो पुढेच चालत राहिला. दरबंद, बाकू, इराणातील कितीतरी गावे आणि शेवटी होर्मुझ. कुठे महिना, कुठे जास्त, असे मुक्काम करीत तो सरकत होता. हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, तिथे घोड्याला सोन्याचा भाव मिळतो, असे त्याने ऐकले आणि एक घोडा घेऊन जहाजात पाय ठेवला.

चौलला उतरल्यावर त्याला पहिले आश्चर्य वाटले ते माणसांच्या अंगावरील तोकड्या कपड्यांचे. लोकांना आश्चर्य वाटले ते त्याचे. तो जाईल तिथे गोऱ्या माणसाला बघायला मागे घोळका. चौलहून आठ दिवस चालून पाली, तेथून दहा दिवसांनी उमरी, पुढे जुन्नर. तिथे पावसाळ्याने त्याला दोन महिने अडकवले. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत पेरण्या चाललेल्या, हे त्याने लिहून ठेवले आहे. परक्या गावी उतारूंची सोय करणाऱ्या धर्मशाळांचीही नोंद आहे. घोड्यांना हरभरे, शिवाय साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने टिपले आहे. ही खिचडी वाचून मला हसू आले; वसतिगृहातल्या आमच्या खिचडीला तूप कुठले!

जुन्नरलाच त्याच्यावर मोठे संकट आले. तिथल्या असदखानाला कळले की हा मुसलमान नसून रशियन आहे. त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडा गेला आणि उलट तूच हजार मोहरा भर. मुदत चार दिवस. घोड्यावर शंभर रुबल खर्ची पडले होते. तेच त्याचे सारे भांडवल. नुसता हिशेब केला असता तर उत्तर सोपे होते. त्याने होकार दिला नाही. मुदत संपत आली असता खोरासानचा एक मुसलमान व्यापारी, खोजा महंमद, देवासारखा आला, खानाकडे रदबदली केली आणि घोडाही सोडवून आणला. संकट आणणारा आणि सोडवणारा एकाच धर्माचे होते, हे मला विसरता येत नाही.

जुन्नरहून महिनाभराने तो बीदरला पोचला. बीदर तेव्हा बहमनी सुलतानाची राजधानी, आज आपल्याच राज्यातले शहर. सुलतान वीस वर्षांचा असल्याचे तो सांगतो, म्हणजे माझ्याच वयाचा! कारभार होता वजीर महमूद गावानच्या हाती. याच गावानने १४७२ मध्ये गोवा घेतला आणि पाठोपाठ आपला बेळगावचा किल्लाही. त्याने बांधलेली मदरशाची इमारत बीदरला आजही पाहायला मिळते. निकितीनने सुलतानाच्या मिरवणुकीतील हत्ती-घोडे मोजले आहेत. पण त्याच वहीत, सरदार डामडौलात राहतात आणि खेड्यातली माणसे उघडीनागडी, हेही आहे. माकडांच्या राजाची आणि त्याच्या सैन्याची ऐकीव गोष्टही त्याने खरी मानून लिहिली. ती मात्र आपण सोडून देऊ.

बीदरला त्याने हिंदूंशी ओळख वाढवली. मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, असे सांगितल्यावर त्यांनी त्याच्यापासून काही लपवले नाही, खाणेपिणे नाही की पूजा नाही. कोण कोणाबरोबर जेवत नाही, उजव्या हाताने कसे जेवतात, वाटेवर प्रत्येकजण आपले भांडे कसे वेगळे बाळगतो, हे सारे त्याच्या नोंदींत आले. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेलाही गेला आणि तिथला काळ्या पाषाणाचा नंदी पाहून आला.

घोडा शेवटी बीदरला विकला. वर्षभराच्या चाऱ्याला अडुसष्ट फूतून लागले, हा आकडा तो देतो. विक्रीची रक्कम देत नाही. यावरून काय ते समजावे. आपल्या देशात नेण्याजोगा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार, असा त्याचा निष्कर्ष. इथे माल भरपूर आहे असे सांगणाऱ्यांना त्याने शिव्याही मोजल्या आहेत.

पैशापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट खात होती. पुस्तके गेल्याने सणवार कळेनात; उपास अंदाजाने चालले. भोवताली सगळी परकी भाषा, ती हळूहळू लेखणीतही उतरली. रशियन वाक्यात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. गंमत अशी, की रशियासारखी भूमी जगात नाही, पण तिथले उमराव न्यायी नाहीत, ही मनातली गोष्ट त्याने लिहिली ती तुर्की मिश्रित बोलीत. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये. काही गोष्टी दुसऱ्या भाषेतच सांगता येतात.

अखेर घरची ओढ लागली. दाभोळला दोन मोहरा देऊन तो होर्मुझच्या जहाजात बसला. जहाज वाऱ्याने भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी देऊन सुटका करून घ्यावी लागली. पुढे मस्कत, होर्मुझ, इराण. काळ्या समुद्रावरील त्रापेझुंतला हेर समजून सामान उचकटले गेले. काफाला पोचल्यावर मायदेश जवळ आला होता, पण स्मोलेन्स्कपर्यंत जाण्याआधीच तो वाटेत वारला.

त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि १४७५ मध्ये ती वसिली मामिरेव नावाच्या सरकारी कारकुनाच्या हाती आली. पुढे इतिहासकार करमझिनने एकोणिसाव्या शतकात ती उजेडात आणली. १९५५ मध्ये त्वेरला व्होल्गाकाठी त्याचा पुतळा उभा राहिला, आणि १९५७ मध्ये त्याच्यावर नर्गिसचा ‘परदेसी’ चित्रपट आला. चौलजवळ रेवदंड्यालाही आता त्याचे स्मारक आहे.