छायाचित्रांत उरलेले डॉ. कोटणीस

चीनच्या हबेई प्रांतातील शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांचे मोठे स्मारक उद्यान आहे. तेथील छोट्या संग्रहालयात एक वही जतन करून ठेवण्यात आली आहे. भारतातून चीनकडे जाताना वाटेत एका तरुण डॉक्टरने नव्या भाषेतील शब्द या वहीत टिपून ठेवले होते. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी वापरलेली काही अवजारे आणि कृष्णधवल छायाचित्रेही तेथे आहेत. ही वही लिहिणारा डॉक्टर सोलापूरचा होता. चीनमध्ये तो ‘के दिहुआ’ या नावाने ओळखला जातो, आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हणून.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. भावंडे बरीच, घर मध्यमवर्गीय. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. त्यांच्या विशीतच सोलापूरने १९३० चा मार्शल लॉ पाहिला आणि १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्म्यांची फाशीही पाहिली. पदवीनंतर पुढच्या शिक्षणाची तयारी चालू असतानाच चीनला जाण्याची संधी त्यांच्यासमोर आली.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले. जखमींची संख्या प्रचंड आणि डॉक्टरांची वानवा, अशा अवस्थेत सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केले. २२ हजार रुपयांचा निधी जमला, रुग्णवाहिकेची सोय झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकप्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य चौघे. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या रक्षणासाठी डॉक्टर पाठवावेत, ही घटना आजही विलक्षण वाटते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने ‘राजपुताना’ या बोटीने मुंबई सोडली. तेव्हा कोटणीस २७ वर्षांचे होते.

चीनमध्ये या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे ‘के दिहुआ’ झाले ते असे. पथक चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. थोरल्यांच्या मृत्यूनंतर मुलाने घराकडे धाव घ्यावी, हीच आपल्याकडची रीत. कोटणीस परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. माओ त्से तुंग यांच्यासह चिनी नेत्यांबरोबर या डॉक्टरांची जी छायाचित्रे आज दाखवली जातात, ती या पर्वातील.

पुढे प्रकृतीच्या कारणाने पथकातील एकेक डॉक्टर मायदेशी परतला. कोटणीस आणि बसू मात्र शत्रूच्या पिछाडीला असलेल्या वुताई पर्वताच्या परिसरात आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. तेथे पक्की रुग्णालये नव्हती. औषधांचा कायम तुटवडा असे आणि जपानी फौजा जवळ आल्या की रुग्णालयच उचलून दुसऱ्या गावी न्यावे लागे. १९४० मधील मोठ्या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते झोपेविना शस्त्रक्रिया करीत होते. ते चिनी भाषा इतकी शिकले, की विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचे याच आघाडीवर १९३९ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आली.

बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी त्यांची क्वो छिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली होती. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी सुचवलेले ‘इनहुआ’ हे नाव त्याला ठेवण्यात आले. इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे झाले होते. अपस्माराचे झटके कोटणीसांना आधीपासून येत होते. अतिश्रम आणि निकृष्ट आहार यांनी ते बळावले, तरी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखन थांबले नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. पुस्तक अपुरे राहिले.

भारतात कोटणीसांची कथा घरोघरी गेली ती चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ मध्ये आला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी आणि त्यांच्या पत्नीची जयश्री यांनी केली. चित्रपटाचे ऋण मोठेच; पण त्याचा एक परिणाम असा झाला, की दोन पिढ्यांच्या मराठी प्रेक्षकांसमोर कोटणीस म्हटले की शांतारामांचाच चेहरा उभा राहू लागला. म्हणून मूळ छायाचित्रे पाहणे महत्त्वाचे ठरते. त्यांतले कोटणीस पडद्यावरच्या नायकासारखे दिसत नाहीत. साध्या लष्करी गणवेशातला एक तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलासह उभा आहे, एवढेच त्यांपैकी एका छायाचित्रात दिसते. तिघांचे एकत्र आयुष्य किती अल्प होते हे ठाऊक असेल, तर त्या छायाचित्रावरून नजर हलत नाही.

सोलापुरात भैय्या चौक परिसरातील कोटणीसांच्या जन्मस्थानी महापालिकेने स्मारक उभारले, ते २०१२ मध्ये खुले झाले. तेथेही छायाचित्रांतूनच हे आयुष्य मांडलेले आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. भारतभेटीवर येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. दोन्ही देशांच्या संबंधांना १९६२ मध्ये युद्धाने आणि २०२० मध्ये गलवानच्या संघर्षाने तडा गेला. तरी त्याच २०२० मध्ये शिजियाझुआंग येथील त्यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात कोटणीसांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. राजनैतिक सोयीसाठी या नावाचा वापर होतो हे खरे आहे. पण जखमी सैनिकांवर उपचार करताना कोटणीसांच्या मनात असला हिशेब नव्हता, हेही तितकेच खरे.

इनहुआ वडिलांच्याच वाटेने वैद्यकीय शिक्षण घेत होता. अभ्यासक्रम पूर्ण होण्याच्या बेतात असताना १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. क्वो छिंगलान यांनी पुढे अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाशी नाते टिकवले. सोलापुरातील स्मारक खुले झाले त्याच वर्षी, २०१२ च्या जूनमध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी दालियान येथे त्यांचे निधन झाले. शिजियाझुआंगच्या उद्यानात, जेथे बेथून यांचीही समाधी आहे, तेथील कोटणीसांच्या समाधीवर छिंगमिंग या पितरांच्या स्मरणाच्या सणाला लोक फुले वाहतात.