वशिल्याच्या तालमीतला राष्ट्राध्यक्ष : चेस्टर आर्थर

नोकरीसाठी अभ्यास करावा की वशिला शोधावा, ही चर्चा तुमच्या घरीही कधीतरी झाली असेल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तिचे उत्तर ठरलेले होते. पोस्टमास्तरापासून जकात-कारकुनापर्यंतच्या जागा निवडणूक जिंकणारा पक्ष आपल्या माणसांना वाटी आणि त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी उकळी.

या पद्धतीत मुरलेले एक गृहस्थ म्हणजे चेस्टर आर्थर. १८२९ साली व्हर्माँट राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्म. काही काळ मास्तरकी, मग न्यूयॉर्कमध्ये वकिली. एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून जबरदस्तीने उतरवले होते. १८५५ मध्ये तिचा दावा जिंकून दिला तो याच तरुण वकिलाने. सुरुवात अशी उजळ होती!

पुढे ते सिनेटर कॉन्कलिंग यांच्या गटात शिरले आणि १८७१ मध्ये न्यूयॉर्क बंदराचे जकात-प्रमुख झाले. देशाच्या जकातीचा बहुतांश भाग याच कचेरीत जमा होई. दंडाच्या रकमेतही अधिकाऱ्यांचा कायदेशीर वाटा असे. कर्मचारी पक्षाचे, वर्गणीही पक्षाला. अखेर १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना पदावरून दूर केले.

तरीही १८८० मध्ये रुसलेल्या गटाची समजूत काढण्यासाठी पक्षाने त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. २ जुलै १८८१ रोजी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी गिटो हा सरकारी जागा न मिळाल्याने चिडलेला इसम होता. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले आणि ज्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता, ते आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याआधीच, ऑगस्टमध्ये, त्यांना एक पत्र आले होते. ज्युलिया सँड या न्यूयॉर्कच्या आजारी, अनोळखी स्त्रीने त्यांचे दोष स्पष्ट दाखवून सुधारण्याची विनंती केली होती. अशी वीसहून अधिक पत्रे तिने धाडली. ऑगस्ट १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष न कळवताच तिच्या घरी जाऊन बसले!

१६ जानेवारी १८८३ रोजी त्यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. काही सरकारी जागा स्पर्धा-परीक्षेने भरू लागल्या, कर्मचाऱ्यांकडून सक्तीची वर्गणी बंद झाली. आरंभी जेमतेम दहापैकी एक जागाच या कायद्याखाली आली, हे खरे. शिवाय निवडणुकीत मार खाल्लेल्या पक्षाला आपली माणसे जागेवर टिकवायचीही होती. आर्थर काही देवमाणूस नव्हते. चिनी मजुरांना वीस वर्षे बंदी घालणारे विधेयक त्यांनी परत धाडले, पण १८८२ मध्येच दहा वर्षांच्या बंदीवर सही केली. तरी ज्या शिडीने ते वर चढले, तिच्या पायऱ्या त्यांनी स्वतःच्या सहीने काढायला घेतल्या. जुने सोबती दुरावले. १८८४ मध्ये पक्षाने उमेदवारी दिली नाही.

मूत्रपिंडाच्या विकाराने १८ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले बहुतेक कागद जाळून टाकायला लावले. ज्युलिया सँडची पत्रे मात्र राहिली. ती आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.