इंजिनाविना उतरण्याची विद्या

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला प्रशिक्षणकाळात एक अवघड धडा गिरवावा लागतो. हवेत असताना प्रशिक्षक इंजिनाची शक्ती काढून घेतो आणि शिकाऊ वैमानिकाने, केवळ खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहिलेल्या पात्यांच्या आधारे, यंत्र जमिनीवर उतरवायचे असते. अखेरच्या काही सेकंदांत अंदाज चुकला, की सरावाचाच अपघात होतो. असे अपघात अनेक झाले; तरीही हा सराव टाळता येत नाही. खरोखरच इंजिन बंद पडले, तर तारणारी विद्या हीच. तिचा पाया घातला हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याने.

सिएर्वा यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनमधील मुर्सिया येथे झाला. वडील राजकारणातील बडे प्रस्थ. मुलाचा ओढा मात्र विमानांकडे. १९१२ मध्ये मित्रांच्या साथीने त्यांनी उडू शकणारे विमान बांधले. १९१९ मध्ये त्यांचे तीन इंजिनांचे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वेग घटताच पंखांची उचल संपते आणि विमान खाली येते, हा दोष त्यांच्या मनाला लागून राहिला. वेग घटला तरी उचल टिकवणारे यंत्र घडवण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

उत्तर होते फिरत्या पात्यांचे. यंत्र पुढे ओढायला इंजिन आणि पंखा, डोक्यावरची पाती मात्र वाऱ्यानेच फिरणारी. पहिले प्रयत्न फसले. पुढे जाणाऱ्या पात्याला मागे जाणाऱ्या पात्यापेक्षा अधिक उचल मिळे आणि यंत्र एका बाजूला कलंडे. सिएर्वा यांनी पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली. पाती वरखाली हलू लागली आणि तोल साधला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे येथे त्यांचे ‘ऑटोजायरो’ यशस्वीपणे उडाले. त्याच महिन्यात एका उड्डाणात इंजिन थांबले, पण यंत्र सावकाश, सुखरूप जमिनीवर आले.

१९२६ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली. १९२८ मध्ये त्यांनी स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली आणि पॅरिस गाठले. पुढे हेलिकॉप्टरच्या निर्मात्यांनी त्यांची बिजागरी स्वीकारली. त्यांच्या चरित्राला एक वादग्रस्त बाजूही आहे. जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको यांना कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत नेणारे विमान मिळवून देण्यात त्यांचा हात होता.

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून दाट धुक्यात निघालेले प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेचच एका घरावर आदळले. मृतांमध्ये ४१ वर्षांचे सिएर्वा होते. ज्यांनी आकाशातून सुरक्षित उतरण्याची वाट शोधली, त्यांना त्या दिवशी ती लाभली नाही. हेलिकॉप्टरचे नवे वैमानिक मात्र आजही तीच वाट पुन्हा पुन्हा गिरवतात.