नवाबाच्या बश्या

आपल्या हडपसरमधून जाणारा सोलापूर रोड पुढे थेट हैदराबादला पोचतो, हे रात्री हॉस्टेलच्या खिडकीतून बस मोजत बसणाऱ्यांना सांगायला नको. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या निमित्ताने आम्हीपण त्याच रस्त्याने गेलो. काम दुपारीच आटपलं, म्हणून सरांनी सगळ्यांना सालारजंग म्युझियमला नेलं. बाकी पब्लिक वाजणाऱ्या घड्याळासमोर जाऊन बसली. मी मात्र फ्रेंच चिनी मातीच्या भांड्यांपाशी अडकले. मेसच्या स्टीलच्या ताटाची सवय झालेल्या डोळ्यांना ते गडद निळं-सोनेरी काम खरंच वाटेना. नंतर लायब्ररीत शोधलं, तर हे सगळं जमवणारा माणूस जन्माने पुणेकर निघाला!

नवाब मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. महिना व्हायच्या आतच वडील वारले. आजोबा, पहिले सालारजंग, तीस वर्षं हैदराबाद संस्थानचे दिवाण. रिबेकाचा तो प्रसिद्ध संगमरवरी पुतळा १८७६ साली रोममध्ये त्यांनीच घेतला. म्हणजे शौक घराण्यातच होता. १९१२ मध्ये सातव्या निजामाने नातवालाही दिवाण केलं. वय तेवीस! त्या वयात आपण प्लेसमेंटच्या लिस्टमध्ये नाव शोधत असतो. पण १९१४ मध्ये त्यांनी पद सोडलं, आणि उरलेली सुमारे पस्तीस वर्षं वस्तू जमवण्यात घालवली. लग्न केलंच नाही.

आता त्या बश्यांविषयी थोडं. सेव्र हे पॅरिसजवळचं गाव. व्हॅन्सेनला १७४० मध्ये सुरू झालेला कारखाना १७५६ मध्ये तिथे आला आणि १७५९ मध्ये तो फ्रान्सच्या राजाच्या मालकीचा झाला. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांच्याकडे खरी चिनी माती, म्हणजे केओलिन, नव्हतीच. काचेची पूड वगैरे घालून मिश्रण करायचे, आणि भट्टीत बराच माल वाकडा व्हायचा. (मटेरियल सायन्सच्या ओरलला हे सांगून बघा.) १७६८ च्या सुमारास लिमोजजवळ केओलिन सापडलं, तेव्हा कुठे सुमारे १४०० अंशांवर भाजलेली कडक भांडी बनू लागली. बशीखाली एकमेकांत गुंफलेले दोन एल आणि मध्ये वर्षाचं अक्षर, ही सेव्रची खूण. तिच्या नकला इतक्या झाल्या की फक्त खूण बघून विकत घेणारा हमखास फसतो.

१७८८ मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील व्हर्सायला सोळाव्या लुईला भेटले. शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात ज्याचं डोकं उडाल्याचं आम्ही घोकलं, तोच हा लुई. टिपूला फ्रान्सकडून सैन्याबरोबर कारागीरही हवे होते, अगदी चिनी मातीची भांडी बनवणारेसुद्धा. सैन्य काही मिळालं नाही, सेव्रची भांडी मात्र भेट मिळाली. लुईने टिपूला दिलेली म्हणून ओळखली जाणारी भांडी आज सालारजंग संग्रहात आहेत.

एक गोष्ट मात्र मनात खटकते. एवढा पैसा आला कुठून? जहागिरीतून. त्यात कोप्पळ होतं, तसं आपलं मराठवाड्यातलं अजिंठा गावही होतं. म्हणजे त्या सोनेरी कडांमध्ये तिथल्या शेतकऱ्याचा सारा आहे. नवाबांच्या नजरेला दाद द्यावीच लागते, पण हा हिशोब म्युझियममधल्या कुठल्याच पाटीवर मला दिसला नाही.

२ मार्च १९४९ रोजी नवाब वारले. मुलबाळ नाही, नातेवाईक भरपूर. सगळा संग्रह वाटून, विकून संपला असता. पण सरकारने लक्ष घातलं आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी नवाबांच्याच राहत्या दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम उघडलं. १९५८ मध्ये वारसांनी तडजोड करून आपला हक्क सोडला, १९६१ मध्ये संसदेने कायदा केला, आणि १९६८ मध्ये सगळा संसार मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलला. चिनी मातीसकट! आमच्या रूमच्या शिफ्टिंगमध्ये एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना दोन कप फुटले होते.

तुमची व्हिजिट हैदराबादला निघाली तर घड्याळाचे बाराचे ठोके जरूर ऐका, पण मग फ्रेंच विभागातही जा. शुक्रवारी बंद असतं, तेवढं सरांना आधी सांगा.