सिलेवाड्याची पाने आणि पाद्री हिस्लॉप

आमच्या देवळाली कॅम्पात विहीर खणायला घेतली की काळा पाषाण लागतो. हा थिजलेला लाव्हा. त्या तप्त रसात झाडाचे पान कुठून टिकणार? दगडातली पाने पाहायची तर विदर्भ गाठावा. तिथे एका स्कॉटिश पाद्र्याचे नाव निघतेच. नागपूरकरांना ते कॉलेजच्या पाटीमुळे तोंडपाठ आहे : स्टीफन हिस्लॉप.

जन्म १८१७चा. १८४५ साली ते धर्मप्रसारासाठी नागपुरात आले, पुढच्याच वर्षी शाळा काढली. हातोडा घेऊन भटकायचा नाद मात्र धर्मकार्याबाहेरचा. सहकारी रॉबर्ट हंटर सोबतीला असत. टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात फळे आणि बिया सापडल्या. सिलेवाड्याच्या कितीतरी जुन्या वालुकाश्मात मिळाले ते पानांचे ठसे.

फरक इथेच आहे. टाकळीच्या गारेत वनस्पतीच्या पेशीसुद्धा दगड होऊन राहतात. पातळ काप घासून त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. वालुकाश्मातल्या पानाचा उरतो फक्त आकार आणि शिरांची नक्षी. मग त्यावरूनच वर्गवारी करायची. जिभेसारखे पान, मधोमध ठळक शीर आणि बाजूच्या शिरांची जाळी असेल तर ग्लॉसोप्टेरिस. मधली शीर ठळक नसेल तर गँगॅमोप्टेरिस. बँकेत आम्ही नमुना सहीवरून खाते ओळखत असू, खातेदाराचे तोंडही पाहिलेले नसे. तसेच हे. नाव पानाचे, झाडाचे नव्हे.

अशी नावे फसवतातही. ग्लॉसोप्टेरिस हे नाव ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये नेच्याची जात समजून दिले. पुढे ते झाड बियांचे निघाले. पाठीच्या कण्यासारखी दिसणारी व्हर्टेब्रारिया ही वेगळी वनस्पती मानली गेली. ती निघाली त्याच झाडाची मुळे!

हिस्लॉप यांनी आपले नमुने लंडनला धाडले. चार्ल्स बन्बरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दूर आडगावात बसून पुस्तकांवाचून अंदाज ठोकण्यापेक्षा दगडच जाणकाराच्या हाती देणे, हा शहाणपणा मला मोठा वाटतो. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या तुकडीला अंटार्क्टिकात हीच जिभेसारखी पाने मिळाली. भारत आणि तो बर्फाळ खंड एकेकाळी जोडलेले होते, याचा तो पुरावा ठरला.

हे पाहायला हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना, पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. वयाची ४६ वर्षेही पुरी नव्हती. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. ती गोंडांसारख्या आदिवासींविषयीची होती. पानांचा त्यात उल्लेख असायचे कारणच नव्हते.